अन्नवस्त्र की हिस्सा?

आमच्या जुन्या धर्मशास्त्राने आंधळा, बहिरा, मुका, पांगळा व वेडा अशा माणसांस वडिलार्जित मिळकतीच्या वाटणीतून वगळले होते, ही गोष्ट कायद्याच्या अभ्यासास नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मनुस्मृतीपासून मिताक्षरेपर्यंत ह्या मुद्द्यावर शास्त्रकारांचा फारसा मतभेद नाही. मात्र वगळता वगळता त्यांनी घरच्या कर्त्यावर एक बंधन घालून ठेविले होते. ते हे की, अशा माणसास घरातून जन्मभर अन्न व वस्त्र मिळालेच पाहिजे. हिस्सा नाही, पण अन्नवस्त्र आहे, अशी ही तडजोड होती. यज्ञकर्माचा अधिकार नाही म्हणून धनाचाही नाही, असे तिचे कारण शास्त्रकार देतात. आम्हांस खरे कारण नांगराचे वाटते. मिळकत म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे ती कसणारे धडधाकट मनगट, असा ज्या काळी हिशेब होता त्या काळी ह्या तडजोडीत काही अर्थ असेलही. १९२८ च्या कायद्याने ही वगळणूक मिताक्षरेपुरती बहुतेक मोडून काढली. जन्मतःच वेडा किंवा जडबुद्धी असलेला तेवढा बाहेर राहिला. पुढे स्वराज्य आल्यावर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने तीही फट बुजविली. कोणताही रोग, व्यंग किंवा विरूपता ह्या कारणास्तव कोणासही वारसाहक्कास अपात्र ठरविता येणार नाही, असे त्या कलमाने निखालस सांगून टाकले आहे.

म्हणजे कायद्याच्या पुस्तकात हा वाद मिटून फार वर्षे लोटली. घरात, पेढीवर, बँकेच्या खिडकीपाशी आणि नगरपालिकेच्या कचेरीत मात्र तो मिटलेला नाही. तेथे अपंग माणूस, आणि त्यातही अपंग स्त्री, अजून अन्नवस्त्राचीच धनीण समजली जाते. तिला भाकरी द्यावी, लुगडे द्यावे, सणावाराला गोड घास द्यावा. पण भांडवल, गाळा, खाते, कर्ज आणि सही ह्या गोष्टी तिच्या हाती द्याव्यात असे फारच थोड्यांच्या मनात येते. ह्या लेखात आम्हांस दयेविषयी काहीएक बोलावयाचे नाही. दयेचा आमच्या समाजात तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पतीचा. येथे पत ह्या शब्दाचा अर्थ व्यापारी वाचकांस आम्ही समजावून सांगण्याची जरूर नाही.

आधी आकडे पाहू. २०११ च्या शिरगणतीत देशातील अपंगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष भरली. पैकी स्त्रिया सुमारे १ कोटी १८ लक्ष होत्या. एकट्या महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लक्षांच्या वर होती. अपंग पुरुषांपैकी शेकडा ६२ साक्षर निघाले, स्त्रियांपैकी शेकडा ४५. काम करून मिळविणारे पुरुष शेकडा ४७ आणि स्त्रिया शेकडा २३. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. डोळा गेल्याने किंवा पाय लुळा पडल्याने काम करता येत नाही हेच जर खरे कारण असते, तर स्त्रीपुरुषांच्या आकड्यांत दुपटीचे अंतर पडावयास नको होते. कारण पोलिओ किंवा मोतीबिंदू माणसास अधू करताना तो पुरुष आहे की स्त्री हे पाहून कमीअधिक अधू करीत नाही. अंतर पाडले आहे ते घराने व बाजाराने. मुलगा अधू झाला तर बाप त्याला पानाची टपरी काढून देतो, कारण हा पुढे कोणाच्या तरी गळ्यात पडणार ही चिंता असते. मुलगी अधू झाली तर तिला घरातच ठेवण्यात येते. ती धाकट्यांची पोरे सांभाळते, धान्य निवडते, शेवया वळते, आणि तिच्या ह्या कामाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

सरकारने ह्या वर्गास २०१६ च्या सुमारापासून दिव्यांग असे नवे नाव दिले. नाव गोड आहे. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या पुष्कळ मंडळींना ते रुचले नाही, कारण त्यांना दैवी अंग नको होते, कचेरीच्या पायऱ्यांशेजारी उतरंड हवी होती. आम्ही ह्या शब्दांच्या वादात पडत नाही. ज्याला जे नाव आवडेल ते त्याने घ्यावे. पण नाव बदलल्याने गाळा मिळत नाही, एवढे खरे.

अपंग स्त्री धंदा काय करणार, असे विचारणाऱ्यांस उत्तर द्यावयास दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेस गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने. त्यांना ते शिक्षण घेता आले नाही, कारण त्यांचे कान अधू होत चालले होते. ऐकू न येणारीने डॉक्टर होऊ नये असे त्या काळच्या विद्यालयांनी ठरविले. पुढे ह्याच बाईंनी १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदा सदन काढले, ते पुण्यास आणले, आणि त्यानंतर दौंडजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभारून तेथे शेती, विणकाम व छापखाना असे उद्योग बायकांच्या हातांनी चालविले. त्यांच्या आश्रमात अंध स्त्रियांसही जागा होती व त्यांना ब्रेल लिपी आणि हातकाम शिकविले जाई. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात जो कडाक्याचा वाद झाला, तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. त्या वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट मात्र आमच्या नजरेआड झाली. ती ही की, त्या काळी महाराष्ट्रात स्त्रियांचा एवढा मोठा कारखाना उभारणारी बाई स्वतः बहिरी होत गेलेली होती. तिला आम्ही विदुषी म्हणून, सुधारक म्हणून, धर्म सोडणारी म्हणून आठवितो. अपंग उद्योजिका म्हणून तिची आठवण कोणी काढल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. धंद्यास भांडवल लागते, आणि सामान्य माणसाचे पहिले भांडवल म्हणजे वडिलांच्या मागे येणारा हिस्सा. येथेच अपंग मुलीची पहिली नागवणूक होते, व ती नागवणूक इतक्या सौम्यपणे होते की तिला नागवणूक म्हणावयास माणसे कचरतात. वडील वारतात. दिवसकार्य उरकते. मग एके दिवशी थोरला भाऊ सगळ्या बहिणींस तालुक्याच्या गावी बोलावितो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र होते. लग्न झालेल्या बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. लग्न न झालेली अधू बहीण भावाच्याच घरी राहावयाची असते. तिने कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? दस्तात एक ठरीव वाक्य असते की, लिहून देणार हिने स्वखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून, समजून उमजून हक्क सोडला आहे. वकिलीच्या धंद्यात असे दस्त आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. बहीण आंधळी असली तरी दस्त तिला मोठ्याने वाचून दाखविल्याचा शेरा सरसकट असतो; ती बहिरी असली तर कोणत्या खुणेने समजावून सांगितले ह्याचा मात्र उल्लेख सहसा सापडत नाही. कागदास बोट लागले की मामला संपला.

ह्या मामल्यात कायदा काय म्हणतो तो पाहा. १८७२ च्या करार कायद्यात आंधळा, बहिरा किंवा पांगळा माणूस करार करण्यास अपात्र आहे असे कोठेही म्हटलेले नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असणे पुरते. तेव्हा तिची सही ही सही आहेच. पण त्याच कायद्याचे १६ वे कलम असेही सांगते की, एक पक्ष दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघड उघड अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणले नाही हे सिद्ध करण्याचा बोजा त्या वर्चस्व असणाऱ्यावर पडतो. ज्याच्या घरी ती जेवते आणि जो तिला कचेरीत धरून आणतो, त्याच्यापेक्षा अधिक वर्चस्व कोणाचे असणार? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर याच्याही पुढे गेला. त्याच्या १३ व्या कलमात म्हटले आहे की, अपंगास स्थावर जंगम मिळकत धारण करण्याचा व वारशाने घेण्याचा, आपले पैशाचे व्यवहार आपण पाहण्याचा आणि बँकेचे कर्ज, गहाण व इतर पत मिळविण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने आहे. आणि त्याच कलमात आणखी एक कलमी सोय आहे, तिच्याकडे आमच्या वकील बंधूंचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. अपंगास व्यवहारात साह्य करणारा जो कोणी असेल त्याचा स्वतःचा स्वार्थ त्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते साह्य करण्यापासून दूर राहावे, असा तेथे स्पष्ट हुकूम आहे. हक्कसोडपत्र ज्याच्या लाभाचे, तोच भाऊ बहिणीचा हात धरून तिचा अंगठा उठवितो. हे ह्या कलमाच्या सरळ विरुद्ध आहे. अशी फसवणूक झालेल्या स्त्रीने स्वस्थ बसू नये. दस्त रद्द करून मागण्याच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे आणि ती हकीगत प्रथम कळल्या दिवसापासून मोजली जाते.

वडिलार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, हेही आता वादाच्या पलीकडे गेले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली ह्या दिशेने कायदा केला, मध्यवर्ती सरकारने २००५ साली केला, आणि त्या वर्षी बाप हयात होता की नव्हता ह्याने काही बिघडत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मुलगी अधू असली म्हणून ह्या निकालातून ती वगळली जात नाही. हे एवढे साधे वाक्य छापावे लागते ह्यातच आमच्या समाजाची स्थिती दिसून येते.

कोणी म्हणेल, भाऊ तिला जन्मभर पोसणार असेल तर हिस्सा भावाकडे राहिला म्हणून काय बिघडले? बिघडते ते येणेप्रमाणे. भाऊ वारतो आणि भावजय राहते. भावजय वारते आणि पुतणे राहतात. प्रत्येक पिढीगणिक अन्नवस्त्राचा धागा पातळ होत जातो. हिस्सा मात्र सातबाऱ्यावर नाव असेपर्यंत पातळ होत नाही. ज्या बहिणीच्या नावावर दोन गुंठे जागा आहे तिला घरात बसावयास पाट मिळतो, हे आमच्या वाचकांपैकी कोणी नाकारील असे आम्हांस वाटत नाही.

बँकेकडे वळू. पुष्कळ दिवस बँकांचा असा पवित्रा होता की, आंधळ्यास धनादेशाचे पुस्तक देता येत नाही, कारण कोणी त्याला फसवील. फसविले जाण्याची भीती ज्याला, त्यालाच शिक्षा, असा हा न्याय होता. डोळस माणसे काही कमी फसत नाहीत. पण म्हणून त्यांची खाती कोणी बंद करीत नाही. ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांस लिहून कळविले की, अंध माणसे करार करण्यास कायद्याने पात्र आहेत, सबब धनादेश, एटीएम, लॉकर, कर्ज वगैरे सर्व सोयी त्यांना भेदभावावाचून द्याव्यात. तो कागद निघाल्यानंतरही खिडकीपाशी बसलेला कारकून, कोणी सोबत आणले आहे काय, हा प्रश्न आधी विचारतो. अपंग पुरुषास तो प्रश्न एकदा विचारण्यात येतो. स्त्रीस तीन वेळा विचारतात, आणि तिसऱ्या वेळी, नवऱ्याची सही आणा, असे सांगतात.

हल्ली बँकेचा पुष्कळसा कारभार हातातील यंत्रावर आला. यंत्रास भेदभाव ठाऊक नसतो अशी कित्येकांची समजूत आहे. पण यंत्र करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर जो गिऱ्हाईक असतो, त्याच्यापुरतेच यंत्र चालते. ॲसिडच्या हल्ल्यात चेहरा व पापण्या जळालेल्या स्त्रीस ते यंत्र म्हणते, डोळ्यांची उघडझाप करा म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे आम्हांस पटेल. ती जिवंत आहे, पण तिला उघडझाप करता येत नाही. म्हणून तिचे खाते उघडत नाही. अशाच एका स्त्रीने, आणि एका अंध वकिलाने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशा यांत्रिक सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटविण्याची रीत अपंगांस सोयीची व्हावी म्हणून वीस निर्देश घालून दिले. ॲसिडचे हल्ले बहुतांशी कोणावर होतात हे सांगावयास नको. ज्या पुरुषाने तो हल्ला केला त्याला बँकेत खाते उघडताना पापण्यांची अडचण येत नाही.

कर्जाच्या योजना नाहीत असे नाही. १९९७ साली मध्यवर्ती सरकारने अपंगांसाठी स्वतंत्र वित्त महामंडळ काढले आणि स्त्री कर्जदारास व्याजात एक टक्का सूट देण्याचे धोरण ठेविले. महाराष्ट्राचेही असे महामंडळ आहे. विजेवर चालणाऱ्या फिरत्या गाडीवर दुकान थाटून देण्याची त्याची एक योजना वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजली. ग्रामीण बचत गटांच्या राष्ट्रीय अभियानात साधारण गटास दहा सभासद लागतात. अपंगांच्या गटास पाच पुरतात, ही सवलतही शहाणपणाची आहे. पण २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचे नियम पाहावेत. त्यांत स्त्रिया आणि अपंग हे दोन्ही वर्ग एकाच विशेष गटात घातले गेले. त्या गटास शहरात शेकडा २५ व खेड्यात शेकडा ३५ अनुदान ठेविले आणि स्वतःच्या पदरचे भांडवल शेकडा ५ पुरेल असे ठरविले. उत्तम. पण जी स्त्रीही आहे आणि अपंगही आहे, तिला काय? तिला स्त्री म्हणून जेवढे मिळावयाचे तेवढेच. दोन वाटांनी आलेल्या अडचणीस एकाच वाटेची सवलत, हा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत चालला नसता.

दुसरी एक विसंगती याहून वाईट आहे. निराधार अपंगांस मासिक अनुदान देण्याच्या योजनेस कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. धंदा चार पैसे देऊ लागला की अनुदान जाण्याची भीती उभी राहते. आणि धंदा तर आज आहे, उद्या नाही. अशा स्थितीत घरची माणसे तिला सांगतात की, बाई, मशीन विकत घेऊ नकोस, महिन्याचे आलेले बंद होईल. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने अपंगांच्या साह्याची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान पावपट अधिक असावी असे सांगितले, आणि अपंग स्त्रीस उपजीविकेसाठी व मुले वाढविण्यासाठी साह्य द्यावे असेही सांगितले. उपजीविकेस साह्य करणारा कायदा आणि उपजीविका सुरू होताच हात काढून घेण्याची धास्ती घालणारा नियम, हे दोन्ही एकाच सरकारच्या कपाटात नांदत आहेत. धंदा सुरू केल्यापासून निदान तीन वर्षे अनुदान थांबवू नये, असा नियम सरकारने करावा; त्याने खजिन्याचे दिवाळे निघणार नाही.

दयेने दिलेला धंदा कसा बुडतो ह्याचेही एक उदाहरण आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. एक काळ रस्त्यारस्त्यांवर टेलिफोनच्या पिवळ्या टपऱ्या उभ्या होत्या. त्या देताना अपंगांस अग्रक्रम होता आणि हजारो घरे त्यांवर चालली. पुढे खिशाखिशात फोन आला; टपऱ्या उठल्या. फोनचा मालक दुसऱ्या धंद्यात गेला, टपरीतला अपंग माणूस घरी गेला. त्याला टपरी दिली होती. धंदा शिकविला नव्हता, पत दिली नव्हती, दुसऱ्या मालासाठी उधारी मिळेल अशी पेढी जोडून दिली नव्हती. अपंग स्त्रियांस अगरबत्ती, मेणबत्ती आणि कागदी पिशव्या एवढेच शिकविणाऱ्या संस्थांनी ह्याचा विचार करावा. दिवाळीच्या आधी आठ दिवस प्रदर्शनात खपणारा माल म्हणजे धंदा नव्हे. धंदा म्हणजे आषाढातही ज्याला गिऱ्हाईक आहे तो.

असा धंदा उभा राहतो, ह्याचा दाखला कोल्हापूरने घालून दिला आहे. नसीमा हुरजूक ह्या बाई कोवळ्या वयात कमरेखाली लुळ्या पडल्या. बाबूकाका दिवाण नावाच्या, स्वतः तशाच स्थितीत असून उमेदीने जगणाऱ्या गृहस्थांनी त्यांना उभारी दिली. सरकारी खात्यात नोकरी करता करता त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली आणि पुढे नोकरीही सोडली. शाळा आणि वसतिगृह तर संस्थेने काढलेच, पण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिने चालविलेली काजू प्रक्रिया. काजू हा कोकणचा माल. त्याला वर्षभर मागणी. सोलणे, निवडणे, प्रतवारी लावणे ही कामे बसून करता येतात. चाकाच्या खुर्चीवरील माणसाने निवडलेला काजूगर खाणाऱ्याच्या तोंडात वेगळा लागत नाही. येथे मालाची निवड आधी झाली आणि माणसाची सोय त्याप्रमाणे केली गेली. संस्था काढावयास निघालेल्यांनी कोल्हापूरच्या बाईंकडून एवढे एक शिकले तरी पुष्कळ झाले.

आता नगरपालिकांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०१६ च्या कायद्याचे ३७ वे कलम असे की, सवलतीच्या दराने जी जमीन घरासाठी, धंद्यासाठी वा कारखान्यासाठी द्यावयाची, तीत शेकडा ५ वाटा ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखावा. आणि दारिद्र्यनिवारणाच्या व विकासाच्या योजनांतही शेकडा ५ राखून त्यांत अशा स्त्रियांस अग्रक्रम द्यावा. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्यात विक्रीचा परवाना देताना स्त्रिया व अपंग यांना प्राधान्य सांगितले आहे, आणि शहर विक्रेता समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश स्त्रिया व अपंगांनाही प्रतिनिधित्व असावे असे सांगितले आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नापैकी शेकडा ५ अपंगांवर खर्च करावयाचे आहेत. तो पैसा बहुतेक ठिकाणी मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई यंत्रे वाटून संपविण्यात येतो. यंत्रे वाटताना नगराध्यक्षांचे छायाचित्र निघते. ज्या बाईचा उजवा पाय लुळा आहे तिलाही पायाने चालवावयाचे यंत्र मिळते, आणि ते दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात येते.

हे सर्व कागदावर असता प्रत्यक्षात एखादी बाई कचेरीत पोहोचली तर काय होते? २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईसारख्या शहरात चाकाच्या खुर्चीवरील वधूस विवाहनोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. उद्वाहन नव्हते आणि अधिकारी खाली यावयास तयार नव्हते. मुंबईत लग्नासाठी ही गत, तर तालुक्याच्या गावी दुकानाच्या परवान्यासाठी काय असेल ते वाचकांनीच ताडावे. परवाना खिडकी तळमजल्यावर आणावयास कोणताही नवा कायदा लागत नाही. दोन हमाल आणि एक दुपार लागते.

आमच्या व्यापारी वाचकांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. धंद्यात दया चालत नाही, ते म्हणतात. आम्ही दया मागतच नाही. आमचा प्रश्न एवढाच की, जो घाऊक व्यापारी नव्या दुकानदारास पहिल्या खेपेस पंधरा दिवसांच्या उधारीवर माल देतो, तो अधू बाईस रोख का मागतो? तिने पैसे बुडविल्याचा अनुभव त्याच्या गाठीस आहे काय? आंधळ्या दुकानदारणीस नोटा ओळखता येत नाहीत म्हणून ती फसेल, असे कोणी म्हणते. २०१६ नंतरच्या नव्या नोटांच्या आकारांत फरक थोडा पडला आणि बोटांनी ओळखणे अवघड झाले, हे खरे. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने ह्यावर मुंबई उच्च न्यायालयात दादही मागितली. पण रिझर्व्ह बँकेने २०२० च्या आरंभी नोट ओळखून बोलून सांगणारे साधन फोनवर दिले, आणि आता तर दुकानादुकानांतून रक्कम जमा होताच ती मोठ्याने सांगणारी पेटी बसली आहे. ती पेटी अंधांसाठी काढली नव्हती. डोळस दुकानदाराच्या सोयीसाठी काढली. तिने आंधळ्या बाईचा गल्ला राखला, ही अनायासे झालेली सुधारणा. आयासाने करावयाची सुधारणा अजून व्यापारी संघांकडे शिल्लक आहे. प्रत्येक बाजारपेठेच्या संघाने आपल्या गावातील धंदा करणाऱ्या अपंग स्त्रियांची यादी करावी, तीन घाऊक पेढ्यांनी त्यांना इतरांच्याच अटींवर उधारी सुरू करावी, आणि वर्षअखेर वसुलीचा आकडा छापावा. आकडा वाईट निघाला तर आम्ही ह्याच स्तंभात तो छापू.

शेवटी, ज्यांच्या घरी अशी मुलगी, बहीण किंवा भावजय आहे त्यांच्यासाठी, आणि मुख्यतः तिच्यासाठी, काही कामाच्या गोष्टी. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीस आणि अपंगास उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. अर्ज स्वतः लिहिता येत नसेल तर तोंडी सांगून लिहवून घ्यावा. कोणत्याही सरकारी कचेरीने भेदभाव केल्यास त्या कचेरीतच तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावयास पाहिजे; तो कोण, हे लेखी विचारावे. तेथे दाद लागली नाही तर पुण्यास राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. चौकशीच्या कामी त्यांना साक्षीदार बोलाविण्याचे व कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चारचौघांत व्यंगावरून हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास ९२ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाजारात गाळा लावणारीस हे पाठ असावे. आणि भाऊ तालुक्याच्या गावी चल म्हणाला, तर निघण्यापूर्वी दस्ताची नक्कल मागावी, ती ज्याचा त्या मिळकतीत काही संबंध नाही अशा माणसाकडून वाचवून किंवा खुणांनी समजावून घ्यावी, आणि तोपर्यंत अंगठा देऊ नये.